आवळून बांधलेला हात

एडवणच्या आमच्या पानमळ्यात ऊनसुद्धा हिरवं होऊन उतरतं. सकाळी आत उभं राहिलं, पलीकडून समुद्र ऐकू येत असला, की आपण जागे आहोत का झोपेत, याचा पत्ता लागत नाही. अशाच एका सकाळी वरची वेल बांधताना मी शिडीवरून घसरले आणि उजवा खांदा दुखावला.

आमच्याकडे वेल दुखावली की तिला केळीच्या सुक्या सालीने आधाराला बांधतात आणि हात लावत नाहीत. सासूबाईंनी माझंही तेच केलं. जुन्या लुगड्याच्या पट्टीने हात छातीशी आवळला. "हलवू नको गो. आपोआप बरा होल." पाऊसभर तो तसाच राहिला. पट्टी सोडली, तर हात खांद्याएवढाही वर जाईना. वेणी घालता येईना. अस्सा संताप आला म्हणता!

आमचे हे बोईसरच्या कारखान्यात. ते म्हणाले, "दिवाळीपर्यंत हात चालला नाय, तर मळा काढून टाकू. आईला एकटीला नाय झेपायचं." त्या वेली सासूबाईंनी स्वतः लावलेल्या. ऐकून त्या उठल्या आणि मळ्यात गेल्या.

पालघरच्या फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी समजावलं, की सांध्याभोवती, स्नायूंभोवती पातळ आवरणं असतात. हालचाल थांबली की ती आकसतात, चिकटतात. हळुवार ताण दिला की सैलावतात. आतली सूज ओसरायलाही त्याने मदत होत असावी, पण ते अजून पुरतं कळलेलं नाही, आणि प्रत्येक दुखण्यावर हा उतारा नव्हे, असंही म्हणाल्या. "ओढ जाणवली की तिथेच थांबायचं. श्वास घ्यायचा."

थांबायचं! मी कसली थांबते? पहिल्याच दिवशी हिसका दिला आणि कण्हत बसले. मग डोकं ठिकाणावर आलं. रोज सकाळी मळ्यातल्या पंपघराच्या भिंतीवर बोटं मुंगीसारखी चढवायची, ताण लागला की डोळे मिटायचे. खांद्यातून काहीतरी ऊबदार पाझरायचं, समुद्र लांब लांब जायचा. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायला लागलं. हात मात्र खांद्याच्या जरा वर येऊन अडायचा, आणि दिवाळी तोंडावर आली. हेही सुट्टी घेऊन घरी आले.

एकदा डोळे उघडले तर सासूबाई समोर. "मीच बांधला ना तुझा हात," म्हणाल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. ही बाई रडते? माझ्यापेक्षा वीतभर उंच, सासरे गेले तेव्हाही चारचौघांत टिपूस न काढलेली! मला भडभडून आलं. "अहो आई, गप बसा बघू," म्हणत मी त्यांना जवळ ओढलं.

रडता रडता त्या एकदम थांबल्या. मान न हलवता पुटपुटल्या, "अगो, तुझा हात."

माझा उजवा हात त्यांच्या अंबाड्यावर होता.

मला तशीच धरून त्या घराच्या दिशेने ओरडल्या, "अरे ए, मळा नाय काढायचा!"