बोटांवर कुठे वजन येतं?

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या मावशींची कात्री धारदार, जीभ त्याहून धारदार. देह भरभक्कम, पण त्यावर दुसरं कुणी बोलायच्या आत त्याच म्हणायच्या, "मी हलले की मशीन हलतं." लोक हसत. मग इतरांची टर उडवायला मावशी मोकळ्या!

मागे शाळेतल्या लठ्ठ बाई कुडता शिवायला आल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "बटणं नकोत. बोटं दुखतात, लावता येत नाहीत."

मावशींनी दुकानभर ऐकू जाईल असं विचारलं, "आणि खाताना बरी चालतात?"

सगळे खो-खो हसले. बाईंनी कापड उचललं, ते परत आणलं नाही.

यंदा मावशींचीच बोटं आखडली. सुईत दोरा ओवेना, कात्री निसटायची. गिऱ्हाईक तुटेल या भीतीने त्यांनी ते लपवलं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण यांची मूठ मिटेचना. अखेर दवाखाना गाठला.

"गुडघे दुखतात ते समजतं," मावशी खालमानेने म्हणाल्या. "पण बोटांवर कुठे वजन येतं?"

"चरबी म्हणजे नुसतं ओझं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती रक्तात प्रथिनं सोडते, अंगभर निरोप धाडते. पोटातली चरबी फार वाढली की सूज चेतवणारी प्रथिनं वाढतात, शमवणारी कमी होतात. मग आत सूज धुमसत राहते. सांध्यांना त्याचाही त्रास होतो."

"म्हणजे हे माझ्या खादाडपणाचं पाप नाही?"

"स्वतःला शिव्या देऊन सूज उतरत नाही, मावशी. औषध घ्या, चाला, कंबरेचा घेर हळूहळू उतरवू."

दुसऱ्या कुणी सुटकेचा निःश्वास टाकला असता. मावशींना मात्र त्या बाई आठवल्या आणि कान तापले. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर बाकावर नेमक्या त्याच बाई. मावशी नजर चुकवून सटकणार, तोच पिशवी हातातून सुटली आणि औषधं जमिनीवर पसरली. वाकून उचलायला गेल्या तर चिमटीत एकही पाकीट येईना.

बाईंनी आपल्या दुखऱ्या बोटांनी एकेक पाकीट गोळा केलं.

"बाई, त्या दिवशी मी जे बोलले..." मावशींनी सुरुवात केली.

"ते मी विसरलेले नाही," बाई म्हणाल्या, आणि पिशवी मावशींच्या मनगटात नीट अडकवून दिली.