दाराबाहेरचं लेवीय

"मावशी, तुम्ही बाहेर उभ्या राहा. पदरानं ओठ झाका आणि ओरडा," पाळकसाहेब म्हणाले.

चर्चमध्ये बायबलातल्या मोशेच्या पाच पुस्तकांचा वर्ग. शनिवारी संध्याकाळी, कारण कंपनीतल्या पोरांना तेव्हा सुट्टी. त्यातलं लेवीय हे पुस्तक चाललं होतं. महारोग्यानं छावणीबाहेर राहावं, 'अशुद्ध, अशुद्ध' असं ओरडावं, तो भाग. पाळकसाहेबांना तो करून दाखवायचा होता. त्यांचे पणजोबा नारायण पेठेतले. हे ते दर वर्गात सांगत.

"मावशी परफेक्ट आहेत, सर," एक पोरगी म्हणाली. "मेकअपचीपण गरज नाही."

सगळे हसले. पाळकसाहेबही.

मी चौथी शिकलेली, येरवड्याच्या वस्तीतली. वर्ग पुरा केला की वस्तीत वचन सांगायची परवानगी मिळणार होती. मला ती हवी होती. आमच्या गल्लीत पाळक येत नसत. गाडी आत जात नाही म्हणायचे. सून वारली तेव्हा वचन वाचायला कोणी आलं नाही. तिला तशीच पुरली.

म्हणून मी बाहेर गेले. ओठ झाकला. ओरडले. आत हशा.

पुन्हा तोंड उघडलं आणि आजी आठवली. गावात शिरताना ती ओरडायची, "बाजूला व्हा हो, मी आले." ते ओरडणं बंद व्हावं म्हणून आमचं घर ख्रिस्ती झालं. आणि मी चर्चच्या दारात तेच ओरडत होते. परवानगीसाठी.

मी तोंड मिटलं. आत कुणाला कळलं नाही. धडा पुढं गेला. चहाचा वास आला. मग कुणाला तरी आठवण झाली.

"अहो मावशी, संपलं नाटक," पाळकसाहेब आतून म्हणाले. "की तिकडेच बरं वाटतंय?"

"पुढं लिहिलंय, याजकानं छावणीबाहेर जाऊन त्याला बघावं. इथं याजक तुम्ही. तुम्ही बाहेर या," मी म्हणाले.

"आत यायचं तर या. नाहीतर परवानगी विसरा."

कप हातात धरून ते बसून राहिले. मी आत गेले नाही.

परवानगी गेली. हिचं ऐकू नका, असा वस्तीत निरोप आला. शेजारीण मला बघून दार लावते. प्रार्थना करते, तर वरूनही काही उत्तर नाही. तरी वस्तीत कुणी मेलं की मी जाते. उशाशी बसते, पुस्तक उघडते, वाचते. कुणी उठून गेलं तर जाऊ दे. मेलेलं माणूस उठून जात नाही.

तो शब्द मात्र मी पुन्हा ओरडणार नाही. कुणाच्याच दारात.