बाटल्यातली शिळी हवा

मी मुळातच संशयी माणूस आहे. पेट्रोल पंपावर काट्यावर शून्य दिसल्याशिवाय मी गाडीच्या टाकीचं झाकण उघडत नाही. घरी गॅस आला की आणणाऱ्याला अंगणात उभं करून आधी वजन करतो. बायको म्हणते, "तुमी परसादाचापन वास घेऊन बघता." घेतो. त्यात मला काही लाज वाटत नाही.

मुंबईच्या बंदरात मी बारा वर्षं पाणबुड्याचं काम केलं. ठेकेदाराने धंदा गुंडाळला तेव्हा पाठीवर बांधायचे हवेचे दोन जुने सिलिंडर मला देऊन टाकले. एक पोलादी, एक अ‍ॅल्युमिनियमचा. मुरबाडजवळच्या माझ्या गावात सगळे त्यांना बाटलेच म्हणतात, आणि आता मीही म्हणतो. विहिरीत पडलेली मोटर काढायची असली किंवा धरणात कोणी बुडालं असलं, की लोक मला बोलावतात. जोडीला माझा मेहुणा असायचा, बायकोचा धाकटा भाऊ, धसईचा. त्याला पाण्यात उतरायला मीच शिकवलं होतं.

असायचा म्हणतो, कारण गेल्या मे महिन्यात आमचं फाटलं. धरणात एक माणूस बुडाला होता, म्हणून आम्हाला निरोप आला. मेहुणा पोलादी बाटला पाठीला बांधून उतरला, मी बांधावर त्याच्या कमरेची दोरी धरून उभा. काही वेळाने दोरी ढिली पडली. ओढली तर खालून उत्तर नाही. बांधावरच्या लोकांनीही दोरीला हात लावला, भराभर ओढून त्याला वर घेतला तेव्हा त्याचे ओठ निळे झाले होते. दोन-तीन मिनिटांनी त्याने डोळे उघडले, आणि माझी भीती उतरून तिच्या जागी राग चढला. आदल्या रात्री तो चुलतभावाच्या हळदीला होता हे मला ठाऊक होतं. शे-दोनशे माणसांसमोर मी ओरडलो, "पिऊन पाण्यात उतरतोस? तुझ्या बहिणीला मी काय तोंड दाखवलं असतं?"

तो म्हणाला, "दाजी, आईशपथ, थेंब नाय घेतला."

मी तोंड फिरवलं. पुढे अ‍ॅल्युमिनियमचा बाटला बांधून बुडालेल्या माणसाला मीच वर काढलं. मेहुण्याला त्यानंतर कोणी कुठल्या विहिरीवर बोलावलं नाही. दिवाळीत भाऊबीजेला तो आमच्याकडे आला नाही. बायको ओवाळणीचं ताट तयार करून दुपारपर्यंत बसली आणि मग ते तिने आवरून ठेवलं. माझ्याशी भांडली असती तर बरं झालं असतं. दर दसऱ्याला आम्ही बाटले अंगणात काढून धुतो, पुजतो. यंदा तिने ते गोणपाटाखालून काढूच दिले नाहीत.

माघात तालुक्याच्या कचेरीतून निरोप आला की, बाटले तपासल्याचा कागद असल्याशिवाय यापुढे कोणाला पाण्यात उतरू देणार नाही. इतकी वर्षं मी मुंबईच्या एका दुकानात हवा भरून आणायचो. तो माणूस काही विचारायचा नाही, म्हणून मला फार भला वाटायचा. आता तो दुकान बंद करून गेला होता. कोणी तरी सांगितलं, वाशिंदला कारखान्यांच्या मागे एकाने शेड घेतली आहे, तो तपासतोही आणि भरतोही. मुंबईचं गिऱ्हाईक सोडून हा नवा माणूस वाशिंदला कशाला येऊन बसला, हा किडा तिथूनच माझ्या डोक्यात वळवळायला लागला.

निघण्याआधी दोन्ही बाटल्यांच्या बुडाशी खिळ्याने बारीक फुली ओरखडली. बदलून दिले तर कळायला हवं.

मुरबाडच्या स्टँडवर कंडक्टरने दारातच अडवलं.

"गॅसचा बाटला गाडीत चालत नाय."

"यात गॅस नाही, हवा आहे."

"हवा गाडीत लय हाय. खाली उतरा."

शेवटी जीपच्या टपावर बाटले बांधून शहापूर आणि तिथून रिक्षाने वाशिंद गाठलं. शेडमध्ये पन्नाशीचा, जाड चष्म्याचा माणूस होता. त्याने मला खुर्ची दिली, पाणी दिलं. खुर्ची देणाऱ्या दुकानदाराची मला जास्त भीती वाटते.

"ठेवून जा. परवा या," तो म्हणाला.

"मी बसतो."

"दोन दिवस?"

"रोज येऊन बसेन."

तो हसला. मग त्याने पोलादी बाटला आडवा घेतला आणि मानेजवळचा रंग खरवडायला लागला. दर दसऱ्याला मी त्यावर पिवळा ऑइल पेंट चढवतो, त्यामुळे एकावर एक थर बसले होते. मी उठून उभा राहिलो. "रंग का काढता?" तो म्हणाला, "याच्या मानेवर शेवटच्या तपासणीची तारीख ठोकलेली असते. ती तुम्ही रंगाखाली गाडली आहे." तारीख निघाली. ती वाचून त्याने चष्मा पुसला आणि परत वाचली. मला वाटलं, आता हा जुना माल म्हणून दोन्ही बाद करणार आणि नवे गळ्यात मारणार. हे नाटक मी विहिरीच्या मोटरींच्या बाबतीत फार पाहिलं आहे.

"हवा आहे का अजून यात?"

"आहे. मे महिन्यापासून हात लावलेला नाही."

त्याने खिशातून मोबाईलएवढं एक यंत्र काढलं, बाटल्याची तोटी किंचित उघडून त्याच्यासमोर धरलं, आकडा पाहिला. मग मला दाखवलं. म्हणाला, "आपण श्वास घेतो त्या हवेत प्राणवायू शंभरात एकवीस असतो. इथे सहा आहे."

"यंत्र तुमचं," मी म्हणालो.

तो चिडला नाही. यंत्र त्याने माझ्या हातात दिलं. मी शेडच्या बाहेर जाऊन उघड्यावर धरलं, एकवीस. अ‍ॅल्युमिनियमच्या बाटल्यासमोर धरलं, एकवीस. पोलादी बाटल्यासमोर धरलं, सहा. तरी माझं समाधान होईना. "मी स्वतः तोंड लावून बघतो," म्हणालो.

त्याने तोटी घट्ट बंद केली. "चार श्वासांत आडवे व्हाल. कळणारसुद्धा नाही. दारू प्यायल्यासारखं वाटतं आणि माणूस जातो." मग त्याने विचारलं, "यातली हवा घेऊन कोणाला काही झालं होतं का?"

मला मेहुण्याचं उतरण्याआधीचं एक वाक्य आठवत होतं. तोंडात नळी धरून त्याने दोन श्वास घेतले होते, नळी काढली होती आणि म्हणाला होता, "दाजी, हवेला खिळा चघळल्यागत चव लागते." मी हसून म्हणालो होतो, "काल हळदीत काय चघळलंस ते सांग."

दुकानदाराने सगळी हवा सोडली, तोटी पिळून काढली आणि बाटला परातीवर उलटा केला. गुळवणीसारखं तांबडं पाणी भदभद बाहेर आलं. आत दिवा सोडून त्याने मला वाकून बघायला लावलं. तळाला गंजाचे पापुद्रे सुटले होते.

"ओल्या लोखंडाने आतला प्राणवायू खाल्ला. भरून सहा-सात महिने नुसता पडला असेल तर एवढं पुरतं. पण आत पाणी गेलं कसं? हे काही एका दिवसाचं नाही."

कसं गेलं ते मला त्याच क्षणी कळलं. वर्षभराची शिळी हवा नको, म्हणून मुंबईला भरायला नेण्याआधी मी दर दसऱ्याला बाटले विहिरीत बुडवून, तोटी सोडून रिकामे करायचो. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात धरतो तसे. शेवटचा बुडबुडा निघाला की आणखी दोनदा हलवून खात्री करायचो. हवा संपली की उघड्या तोटीतून विहीर आत शिरते, हे बंदरात बारा वर्षं काढलेल्या माणसाला सुचलं नाही. जगातल्या सगळ्यांवर संशय घेतला, स्वतःच्या हातावर तेवढा कधी घेतला नाही.

अ‍ॅल्युमिनियमचा बाटला त्याने ठेवून घेतला. दोन दिवसांनी तो दाबाच्या तपासणीत पास झाला. पोलादी बाटल्याला आरपार भोक पाडायचं, म्हणजे चुकूनही कोणी तो वापरणार नाही, असं तो म्हणाला. सकाळी मी यावरून भांडलो असतो. आता म्हणालो, "पाडा." परातीतलं पाणी मात्र एका प्लास्टिकच्या बाटलीत भरून मागितलं.

तपासणीचा कागद घेऊन परतल्याच्या दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन धसईला गेलो. मेहुणा बाजाराला न्यायच्या वांग्यांची गोणी शिवत होता. मी बाटली त्याच्यासमोर ठेवली आणि सगळं सांगितलं, विहिरीसकट. त्याने झाकण उघडून वास घेतला.

"हीच चव," म्हणाला. मग बहिणीकडे बघितलं, माझ्याकडे नाही. "हितं सांगून काय उपेग, दाजी? जितं बोललात तितं सांगा."

रविवारी आम्ही तिघं धरणावर गेलो. बांधाजवळच्या चहाच्या टपरीवर त्या दिवशी दोरीला हात लावणारे बरेचसे लोक भेटले. मी उभा राहून सांगितलं, हा प्यायला नव्हता, हवा खराब होती आणि ती माझ्या चुकीने खराब झाली होती. बाटली हातोहात फिरली. एका म्हाताऱ्याने ती उन्हात धरली, हलवली, माझ्याकडे डोळे बारीक करून बघितलं.

"हां, पन हे पानी त्याच बाटल्यातलं कशावरून?"

मी काय पुरावा देणार? भोक पाडलेला बाटला वाशिंदला होता, यंत्र वाशिंदला होतं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात मेहुण्याने बाटली म्हाताऱ्याच्या हातातून काढून घेतली.

"दाजी सांगतात ना," तो म्हणाला. "मंग त्याच बाटल्यातलं."