लिंबाकडचा उतार

"पोरगं हरवत नसतं. मायबाप हरवत असतात."

नोकरीच्या पहिल्याच दिवशी अक्कांनी मला हे ऐकवलं, तेही माईक माझ्या हातातून काढून घेऊन. मी आपली घरून सुवाच्य अक्षरात मजकूर लिहून आणला होता. 'एक लहान मुलगी हरवलेली सापडली आहे, तरी पालकांनी कृपया...' त्या 'कृपया'च्या पुढं अक्कांना ऐकवेना. ते लेकरू आधीच रडतंय आणि तू गावभर त्याची दवंडी पिटतेस, म्हणाल्या, आणि स्वतः बोलायला लागल्या. लाल फ्रॉकवाल्या मुलीचे आईवडील हरवले आहेत. मुलगी लिंबाखाली त्यांची वाट बघत बसली आहे. जिथं असतील तिथून त्यांनी निघून यावं.

सगळी बाग हसली. मुलगी रडायची थांबली, कारण आता हरवलेली ती नव्हती. आईवडील मात्र कान पाडून आले, आणि अक्कांनी त्यांना मुलीसमोरच विचारलं, "कुठं गेला व्हता?" त्यानंतर इतकी वर्षं मी तोच मजकूर बोलत आलेय.

जालना रोडनं करमाडकडं जाताना तुम्हाला एक सिमेंटचा जिराफ दिसला असेल. बरेच लोक त्याला घोडा समजतात. त्यांची चूक नाही. मानेपर्यंत येता येता गवंड्याच्या सळया संपल्या, तेव्हा अक्का म्हणाल्या, असू दे, ल्हान हाय अजून, वाढंल. तीच आमची बाग. आता कमानीवर 'ॲम्युझमेंट पार्क' लिहिलंय, पण आम्ही जुने लोक बागच म्हणतो. मी चिकलठाण्याहून बसनं येते आणि लाऊडस्पीकरवर बोलते. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कारकुनी, त्यामुळं माझं बोलणं शुद्ध. अक्का मला 'पुस्तकातली बाई' म्हणायच्या.

अक्का म्हणजे मालकीण. सुती पातळ, पायात पुरुषी चपला, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मिळालेला काळा चष्मा, जो त्यांनी पुढं उतरवलाच नाही. माहेर पाचोडचं. नवरा लवकर गेला आणि वाट्याला हे मुरमाड रान आलं. दीर म्हणाले, विकून टाका, कारखानेवाले भाव देतायत. अक्का नाय म्हणाल्या. पाचोडच्या बाजारात एक म्हातारा हातानं फिरवायचा लाकडी पाळणा विकायला काढून बसला होता. तो त्यांनी गाडीत घालून आणला आणि रानात उभा केला. भावकीत बोलणं झालं की बाईचं डोकं फिरलं. अक्का म्हणाल्या, पाळणा फिरतोय ना, मंग डोकं फिरंना का.

पुढं रिक्षाच्या इंजिनवर चालणारी झुकझुकगाडी आली, आरसेघर आलं. पुतण्या हाताशी आला, त्यानं पाण्याच्या घसरगुंड्या आणल्या. आता लोक त्याच बघायला येतात, फोटो काढतात आणि जातात. अक्कांनी तिथं काय काय करून ठेवलंय ते कुणी बघत नाही, आणि मला त्याचा राग येतो. म्हणून हे सांगायला बसले.

भेळेचा गाडाच घ्या. म्हाताऱ्या बायकांसाठी जी बाकं आहेत, तिथून नातवंडांचे झोके स्वच्छ दिसतात, पण भेळेचा गाडा बोगनवेलीच्या आड जातो. मी शहाणपणानं एकदा म्हटलं, अक्का, वेल छाटू या, गाडा दिसत नाही, धंदा बुडतो. अक्का माझ्याकडं बघतच राहिल्या.

"सासूला गाडा दिसला तर सून भेळ खाईल व्हय?"

त्या वेलीमागं आजवर किती सुनांनी निवांत भेळ खाल्ली असेल, ते त्यांचं त्यांना ठाऊक. आरसेघरातही तसंच. वेडेवाकडे आरसे संपले की दाराशी एक साधा, सरळ आरसा आहे, आणि तो अगदी खाली लावलाय. मोठ्या माणसाला त्यात नुसता पट्टा आणि पोट दिसतं. पण आत भ्यालेलं पोर स्वतःचं तोंड जाग्यावर आहे, हे बघून बाहेर पडतं. अक्कांनी तो मुद्दाम तसा लावून घेतला होता.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट तर दिसतच नाही. बागेतल्या सगळ्या वाटा मधल्या कडुलिंबाकडं उतरतात. उतार इतका हलका की चालताना कळत नाही, पण रिकामी बाबागाडी सोडून बघा, हळूच लिंबाकडं निघते. हा उतार अक्कांनी गवंड्यांच्या डोक्यावर उभं राहून काढून घेतला, कारण लहानपणी त्या स्वतः पाचोडच्या बाजारात हरवल्या होत्या. जो भेटेल तो नाव विचारायचा, आणि भीतीनं त्यांना स्वतःचं नावच आठवेना. शेवटी एका बांगडीवालीनं काही न विचारता पाणी दिलं आणि शेजारी बसवून घेतलं. पाणी पोटात गेलं तसं नाव आठवलं. अक्का सांगायच्या, हरवलेलं माणूस चढावर जात नाय, पाण्यावानी खाली खाली जातं. त्याला आधी पाणी द्यावं, नाव मागून इचारावं.

म्हणून लिंबाच्या पाराशी माझी खुर्ची, शेजारी अक्कांची, माझा माईक आणि एक माठ. पोर दिसत नाही म्हणून आईबाप रडत आले, रखवालदार चहूकडं पळायला लागले, तरी मी जाग्यावरून उठत नाही. बसा हो, येतंय ते, म्हणते. आणि येतं. कुठल्याही वाटेनं येऊ दे, माझ्यापुढंच येऊन उभं राहतं.

मग अक्का विसरायला लागल्या. एका सकाळी त्यांनी मला विचारलं, लाकडी पाळणा कुठं गेला? तो मोडून किती वर्षं झाली होती. मी सांगितलं, तर म्हणाल्या, चल, डॉक्टरकडं जाऊ. शहरात डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं की हे वाढत जाणार. परत आल्यावर अक्का रिक्षातून बागेशी उतरल्या आणि सरळ चालायला लागल्या. एक वाट झाली की दुसरी. त्या दिवसापासून रोज बाग उघडायच्या आधी हा फेरा सुरू झाला. कधी कधी डोळे मिटून.

"डोकं इसरलं तर इसरू दे. पायाला पाठ करून ठिवते."

पुतण्याला सांगायचं नाही, अशी मला तंबी दिली. मला ते मुळीच पटलं नाही, आणि मी तोंडावर तसं म्हटलंही. त्यांनी एवढंच विचारलं, "त्यानं काळजीपोटी मला घरात कोंडलं तर मी काय करू?" मग मी शब्द दिला.

आणि नेमकं तेव्हाच पुतण्यानं बाग सपाट करायला काढली. पुतण्या वाईट नाही, हे आधीच सांगते. त्याचंही म्हणणं खरं होतं. फाटकापासून घसरगुंड्यांपर्यंत सरळ, सपाट रस्ता झाला की चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला सोपं जाईल, गर्दी हलेल. लिंबाचा पार काढून तिथं खाण्याची दुकानं आली की पैसाही येईल. मी माईकवर आहेच, मग मुलं सापडायला उताराची काय गरज, असं तो अगदी शांतपणे विचारत होता.

सकाळी रोलर आला. अक्कांनी पाराशी असलेली आपली खुर्ची उचलली आणि रोलरच्या पुढ्यात मांडून बसल्या. दुपारी भाकरी तिथंच मागवून खाल्ली. तिकीट काढून आलेले लोक त्यांना वळसा घालून जात होते. पुतण्या विनवून विनवून दमला. काकू, निदान कारण तरी सांगा, म्हणाला. खरं कारण माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात काळा चष्मा माझ्याकडं वळला आणि मी गिळून टाकलं.

"मी हाय तोवर उतार राहणार," अक्का त्याला म्हणाल्या. "मंग तू सपाट कर न्हायतर डोंगर कर."

पुतण्यानं हात जोडले. दिवाळीनंतर बघू, म्हणाला. रोलर जिराफाजवळ उभा करून ठेवला.

दिवाळीच्या सुट्टीत, ऐन गर्दीच्या दुपारी पुतण्या धावत माझ्याकडं आला. अक्कांचं घर बागेला लागूनच, मधे एक लहान दार. दार उघडं होतं आणि काकू घरात नव्हत्या. चष्मा खाटेवरच राहिला होता. तेव्हा मी त्याला सगळं सांगून टाकलं. डॉक्टर, विसरणं, रोजचं चालणं. मी म्हटलं, इथंच थांबा, त्या येतील. तो माझ्यावर ओरडला, हा काय पोरखेळ वाटतो का तुम्हाला? आणि मोटारसायकल काढून करमाडकडं गेला. बाकीचे उलट्या बाजूला, शेंद्र्याकडं पळाले.

मी बसून राहिले. मला भीती वाटत नव्हती असं नाही. जालना रोडवर ट्रक कसे जातात ते मी रोज बघते. सारखं वाटत होतं, उठावं, फाटकाकडं पळावं. पण फाटक हे बागेतलं सगळ्यात उंच टोक. तिकडं जायला चढावं लागतं. मी खुर्चीचे हात घट्ट धरले आणि माठातल्या पाण्यानं तांब्या भरून ठेवला.

ऊन कलायला आलं तेव्हा आरसेघराच्या वाटेनं अक्का आल्या. एकाच पायात चप्पल. डोळ्यांवर चष्मा नाही, त्यामुळं पूर्ण चेहरा मी कितीतरी वर्षांनी बघत होते, आणि तरी तो माझ्या चांगला ओळखीचा होता. तोच चेहरा घेऊन मुलं माझ्यापुढं येतात. अक्का पारापाशी थांबल्या.

"बाई, आमच्या घरचं कुणी आलंय का?"

'अक्का' असा शब्द तोंडात आला होता, तो मी दातांखाली धरला. नाव विचारलं नाही, नाव घेतलंही नाही. पाणी दिलं. शेजारी बसवून घेतलं. त्या सावकाश पाणी प्यायल्या, लिंबाकडं बघितलं, माईककडं बघितलं, मग पायाकडं. बराच वेळ गेला. लोक येत होते, जात होते.

"पुस्तकातली बाई," अक्का म्हणाल्या, "माईक काय पुजायला ठिवलाय? बोल की."

मी बोलले. अक्कांचे पुतणे हरवले आहेत. अक्का लिंबाखाली त्यांची वाट बघत बसल्या आहेत. जिथं असतील तिथून त्यांनी निघून यावं.

सगळी बाग हसली. पुतण्या नुकताच करमाडहून हात हलवत परत आला होता आणि फाटकाशी उभा होता. तो त्या उतारावरून पळत आला. एवढा मोठा माणूस, सगळ्यांदेखत रडत होता. अक्कांनी त्याचं तोंड पदरानं पुसलं आणि विचारलं, "कुठं गेला व्हता?"

दुसऱ्या दिवशी रोलर परत गेला. पुतण्यानं काकूंना कोंडलं नाही. मधलं दार दिवसभर उघडं असायचं, आणि रोज कुठल्या ना कुठल्या वाटेनं अक्का लिंबाखाली पोचायच्या. पुढं पुढं त्यांना माझं नाव आठवेना, मग पुतण्याचं, मग स्वतःचं. पाय मात्र चुकले नाहीत.

गेल्या उन्हाळ्यात अक्का गेल्या. आता वाटांवर नव्या फरश्या बसवायचं काम सुरू आहे. त्या म्हणाल्याच होत्या, मंग तू सपाट कर. पुतण्यानं केलं नाही. तो स्वतः गवंड्यांच्या डोक्यावर उभा असतो, जवळ एक रिकामी बाबागाडी घेऊन. वाटेचा तुकडा झाला की गाडी सोडतो. अडली, तर तेवढ्या फरश्या उखडायला लावतो. गवंडी मनातून शिव्या देत असणार.

काल फाटकापासूनची वाट पुरी झाली. त्यानं वरून गाडी सोडली. ती हळूहळू, जिराफाला वळसा घालत, भेळवाल्यावरून उतरत आली आणि माझ्या शेजारच्या, अक्कांच्या रिकाम्या खुर्चीला येऊन टेकली. वरून त्यानं हात उंचावून विचारलं, पोचली का?

मी माईक घेतला आणि सांगितलं, आली.