खोबरेलाची बाटली आणि हयातीचा दाखला

नोव्हेंबरात खोबरेल तेलाचा वास आला, की मला शहागंजातली ती बँक आठवते. वडिलांच्या मागं मिळणाऱ्या पेन्शनसाठी आईला दरवर्षी तिथं हयातीचा दाखला द्यावा लागायचा. त्या वर्षी मशीन तिचा अंगठाच घेईना. वसतिगृहात जन्मभर भाकरी थापून तिच्या बोटांवरच्या रेषा पुसल्या गेल्या होत्या. काउंटरवरच्या बाईंनी ड्रॉवरमधून अशाच म्हाताऱ्यांसाठी ठेवलेली खोबरेलाची बाटली काढली, तेल चोळून आईची दहाही बोटं मशीनवर लावून बघितली. लाल दिवा काही हिरवा होईना. मागं रांग कुरकुरायला लागली. आई कावली, "म्हंजे मी जित्ती हाय का नाय, हे ही डबी ठरवणार व्हय?" मी लाजून मान खाली घातली. बाई मात्र हसल्या, काउंटर सोडून बाहेर आल्या आणि बाकावर तिच्या शेजारी बसून त्यांनी कागदी फॉर्म स्वतः भरला. "डबीला नसंल दिसत, मावशी. मला दिसताय ना तुम्ही," असं म्हणत त्यांनी 'पेन्शनधारकास समक्ष पाहिले' या ओळीखाली ठसठशीत सही केली. आता माझे सगळे व्यवहार मोबाइलवर होतात, झटपट आणि बिनचूक. परवा बँकेचा मेसेज आला, आमच्याकडून आणखी काय हवं? मी दोनच शब्द लिहिले: समक्ष पाहा.