ओढणीचं दुसरं टोक

त्या वर्षी लेकीच्या दुखण्यावरून मी महादेवाशी अबोला धरला होता. रेणूला आम्ही लातूरच्या संस्थेतून दत्तक घेऊन जर्मनीला नेलं, तेव्हा ती नुकती बोलायला लागलेली. भूकंपात तिच्या घरातलं कुणी उरलं नव्हतं, एवढंच आम्हाला ठाऊक. बारावीच्या वयात तिचं विचित्र वागणं सुरू झालं. झोपताना ती स्वतःचा पाय ओढणीनं पलंगाला करकचून बांधायची. का, ते तिलाही सांगता येईना. घोटा काळानिळा पडायचा. पोरगी जिवाचं बरंवाईट करील या धास्तीनं मी ओढण्या, पट्टे, दोऱ्या, सगळं लपवलं. मग तिची झोपच उडाली, अन्नही जाईना. तिच्या मानसोपचार डॉक्टर बाई म्हणाल्या, "सोडवायची घाई नको. गाठ कशासाठी आहे, ते कळू द्या. जमलं तर तिला गावी नेऊन आणा."

रेणूला घेऊन लातूरला माहेरी आले. गल्लीत क्लासच्या पाट्यांपुढे घरं दिसेनात. तिच्याच वयाची पोरं पाठांतरात बुडालेली दिसायची. शेवटी अबोला सोडून तिला घेऊन सिद्धेश्वराच्या देवळात गेले आणि रडतच म्हटलं, "देवा, हिची ही गाठ सोडव."

मागे वळले तर रेणू मंडपात आडवी झालेली, पाय ओढणीनं खांबाला बांधलेला. लोक बघत होते. मी लगबगीनं गाठ सोडायला बसले, तर शेजारी टेकलेल्या एका अनोळखी म्हातारीनं माझा हात धरला.

"सोडू नगा, ताई. भूकंपातलं लेकरू हाय का?"

मी मान हलवली.

"भूकंपामागं पत्र्याच्या शेडात आमी समद्या आयाबाया अशाच निजायचो. लेकराचा पाय आपल्या पायाला बांधून. आई गेलेल्या लेकरालाबी कुनीतरी बाई बांधून घ्यायची. पुन्ना धरणी हलली तर लेकरू सुटू नये म्हून." मग खांबाकडं बघून ती म्हणाली, "पर दुसरं टोक आईच्या पायाला ऱ्हातंय, खांबाला न्हाई."

इतके दिवस पोरगी आई शोधत होती, आणि मी तिच्या दोऱ्या लपवत होते! मी खांबाची गाठ सोडली आणि ते टोक माझ्या घोट्याला बांधलं. म्हातारी कधी उठून गेली, कळलंही नाही. ती कोण होती, याचा शोध मी घेतला नाही.

रेणू गाढ झोपली. जागी झाल्यावर तिनं पाय हलवला, माझा पाय ओढला गेला. ती ओढणीकडं बघत राहिली.

"आई, तुला दुखेल ना गं?"

डॉक्टर बाईंचे उपचार पुढेही चालू राहिले, आजही आहेत. पण मी देवाकडे सुटका मागितली होती आणि त्यानं मला बांधून घ्यायला शिकवलं. त्याचे उपकार कसे फेडू?