आत्या काउंटरच्या आत शिरली तेव्हा

शैलाआत्या काल दुपारी गेली. कराडला, स्वतःच्या मेडिकलमध्ये, खुर्चीत बसल्या बसल्या.

घरच्यांनंतर मी पहिल्यांदा कुणाला सांगितलं असेल, तर इथल्या, फेल्डहोवनमधल्या औषधाच्या दुकानातल्या मारायकेला.

का, ते लिहिते. नाहीतर डोक्यातून जायचं नाही.

तीन वर्षांपूर्वी आत्या आमच्याकडे राहायला आली होती. बाईंना चौकशा फार. विंडमिल नको, ट्युलिप नको. पहिल्याच आठवड्यात हुकूम सुटला, "मला इथलं मेडिकल दाखव."

इथे त्याला आपोतेक म्हणतात. मी काउंटरवर माझ्या ॲलर्जीच्या गोळ्या घेत होते, तेवढ्यात ही वळसा घालून सरळ आत! ड्रॉवर उघडून आतले खोके बघायला लागली. चाळीस वर्षांची सवय.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आत्या, बाहेर ये आधी!"

"अगं थांब. ह्यांनी माल कंपनीप्रमाणे लावलाय की नावाप्रमाणे, एवढंच बघते."

मारायकेने तिला हाताला धरून बाहेर आणलं. हसत होती, पण आणलं.

दहा दिवसांनी पार्सलची एक व्हॅन रिव्हर्स घेताना आत्याला लागली. आत्या फुटपाथवर होती. चूक ड्रायव्हरची, त्याने तिथेच कबूल केली.

उजवं मनगट मोडलं.

त्याच हाताने ती रोज शटर वर करायची. त्याच हाताने गोळ्यांच्या पाकिटांवर सकाळ-दुपार-रात्रीच्या रेघा मारायची. एकटी बाई. हात गेला असता तर दुकान गेलं असतं, आणि दुकानाशिवाय आत्या मला कल्पनेतसुद्धा दिसत नव्हती.

ऑपरेशनचा खर्च ट्रॅव्हल इन्शुरन्सने दिला. पुढच्या औषधांच्या वेळी त्यांनी हात वर केले. नस दुखावली होती. गोळ्या घेतल्या तरच व्यायाम सहन होणार, व्यायाम झाला तरच बोटं मिटणार. आणि व्हॅनच्या इन्शुरन्सकडून भरपाई यायला वर्ष, दोन वर्षं, कितीही.

मी पैसे भरते म्हटलं तर आत्या उखडली. "भाचीकडून औषधाचे पैसे? मुळीच नाही."

मग आमच्या वकिलाने मार्ग काढला. आत्याने एका कागदावर सही करायची. दुकानाने औषधं आत्ता द्यायची, भरपाई आली की आधी दुकानाचं बिल त्यातून वळतं व्हायचं. सगळी दुकानं हे करत नाहीत. मारायके हो म्हणाली.

आत्याचे डोळे चमकले. "म्हणजे मी कराडला करते तेच की!"

आणि प्रश्न सुरू. केस हरलो तर? दुकानाचे पैसे बुडाले. हे वाट किती बघतात? येईल तोपर्यंत.

"आणि मी उद्या विमानात बसले, तर ही मला कुठे शोधणार? हिने मला दिलंच का गं?"

"तूच विचार की."

"छे. औषध नेणाऱ्याने असं विचारू नये."

महिन्याभराने मारायकेचा फोन आला. "तुमच्या आत्या तीन आठवडे औषध न्यायला आल्या नाहीत. बऱ्या आहेत ना?"

मी चाट. आत्या तर दर सोमवारी "औषध घेऊन येते" म्हणून बाहेर पडायची.

कोपऱ्यावरच्या बाकावर बसून परत यायची! आणि इंडियातून आणलेल्या डब्यातल्या, आपल्या सगळ्यांच्या बॅगेत असतो त्याच डब्यातल्या, साध्या पेनकिलरवर भागवत होती. बोटं ताठ झालेली. फिजिओला सांगत होती, आज जरा थकलेय.

मी खूप चिडले. "का पण, आत्या?"

"माझ्याकडूनही लोकांनी असंच नेलंय गं. ॲक्सिडेंटचा क्लेम आला की देतो म्हणाले. काही आले, काही फिरकलेच नाहीत. मी दुकानदार आहे. दुसऱ्या दुकानदाराला अशी वाट बघायला लावायची, मला नाही जमत."

आणि रडली. आत्याला रडताना मी तेव्हाच पाहिलं, एकदाच.

मी तिला तशीच उठवून दुकानात नेलं. मध्ये दुभाषी मी.

मारायकेने विचारलं, "तुमच्या दुकानातल्या पेशंटने असं केलं असतं तर?"



"झापलं असतं."

"मग समजा, झापलं." तिने गोळ्यांचं पाकीट पुढे सरकवलं. आत्याने ते घेतलं.

व्हिसा वाढवून घेतला. बोटं हळूहळू मिटायला लागली. निघायच्या आदल्या दिवशी आत्याने दुकानात जाऊन एका रिकाम्या पाकिटावर उजव्या हाताने तीन रेघा मारून दाखवल्या. वाकड्या होत्या, पण तिच्याच होत्या. मारायकेने ते पाकीट ठेवून घेतलं.

भरपाई गेल्या वर्षी आली. आत्याचा पहिला प्रश्न, "त्या बाईंचे मिळाले का?"

मिळाले.

दुसरा मात्र राहिला. दर व्हिडिओ कॉलला तेच, "विचारलंस का गं? मला का दिलं?" मी कधी विसरायचे, कधी संकोच वाटायचा. विचारू की, घाई काय आहे.

आज विचारलं.

मारायकेने डोळे पुसले. म्हणाली, "ती पहिल्या दिवशी आत आली होती ना, तेव्हा मी तिला बाहेर काढलं आणि ड्रॉवर बंद करायला गेले. तर तिने मागचा एक खोका पुढे आणून ठेवला होता. त्याची तारीख आधी संपणार होती. परक्या दुकानात. अशा बाईला आणखी काय विचारायचं?"

आत्या, एवढंच होतं गं उत्तर.

आणायला मी उशीर केला. माफ कर.

कुणाचं काही राहिलेलं नाही तुझ्याकडे. नीट जा.